आधी नाही म्हणून दाखवा

चहा विचारला की आमच्या मॅडम चिडायच्या. चहा त्यांना आवडत नसे असं मुळीच नाही. नगरच्या ऑफिसात त्यांच्या टेबलावर सकाळपासून कप असायचा, आणि तोही चांगला साखर घातलेला. पण गावात कोणाच्या ओट्यावर आम्ही टेकतो न टेकतो तोच आतून कपबशा वाजल्या, की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. "आधी काम! चहा मागून," असं त्या बाहेरूनच ओरडून सांगायच्या. आमच्याकडे दारात आलेल्याने चहाला नको म्हणायचं म्हणजे भांडण उकरून काढण्यासारखंच. बायका हिरमुसायच्या. एखादा म्हातारा तोंडावर विचारायचा, "का वं, आमच्या घरचा चालत न्हाई व्हय?" मॅडम ढिम्म.

मी इथलीच, नगरजवळच्या केडगावची. चहाला नको म्हणणारं माणूस आमच्या घराण्यात झालं नाही. पहिल्याच आठवड्यात मला वाटून गेलं, की या पुण्याच्या बाईला भलताच माज आहे. आणि मनातलं तोंडावर येऊ न देण्याची कला मला अजूनही जमलेली नाही. परतताना गाडीत मी फणकाऱ्यानेच म्हटलं, "मॅडम, दोन घोट घेतले असते तर काय बिघडलं असतं?"

"दोन घोट घेतले की आपण पाहुणे," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मग पाहुण्यांनी काही विचारलं, तर त्या पोराने नाही कसं म्हणायचं? आपण गेल्यावर बाप सालटी काढेल त्याची."

मला काही ते तेव्हा पटलं नाही. 

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. पुण्याच्या एका संस्थेचा अभ्यास होता, खेड्यातल्या तरुण मुलामुलींच्या मनाचा. झोप लागते का, उगाच रडू येतं का, कशात जीव रमतो का, जगावंसं वाटतं का, असले प्रश्न घेऊन आम्ही वस्तीवस्तीवर फिरायचो, आणि काही महिन्यांनी त्याच मुलांकडे पुन्हा जायचो. नगरची सगळी तुकडी मॅडमच्या हाताखाली होती. कोणावर बळजबरी नाही, ज्याला नको असेल त्याने नको म्हणावं, असं आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. असं सगळीकडेच छापलेलं असतं. मॅडमनी ते मनावर घेतलं होतं, एवढाच फरक.

प्रश्न सुरू करण्याआधी त्या समोरच्या मुलाला म्हणायच्या, "आता मी विचारणार आहे, भाग घेणार का? तर तुम्ही आधी नाही म्हणून दाखवा." मिसरूड न फुटलेल्या पोरालाही त्या अहो-जाहो करायच्या, त्यामुळे पोरगं आधी मागे वळून बघायचं, की या कोणाशी बोलतायत. मग हसायचं. मग मान खाली, आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणं सुरू. मोठ्या माणसापुढे मोठ्या आवाजात 'नाही' म्हणायची वेळ त्याच्यावर जन्मात आलेली नसायची. "ऐकू आलं नाही मला," मॅडम म्हणायच्या. शेवटी कुठून तरी एक बारीक "न्हाई" बाहेर पडायचं. "छान. येतं की तुम्हाला. आता खरं सांगा, भाग घेणार का?" बहुतेक मुलं हो म्हणायची. पण त्या 'हो'चा आवाज निराळा असायचा, आणि पुढची उत्तरंही निराळी. हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकलंय, त्यामुळे कबूल केलंच पाहिजे.

पाथर्डीकडच्या एका मुलीला तर हे 'नाही' इतकं आवडलं, की शेळीला पाणी पाज म्हणून आतून हाक आली, तिलाही तिने "न्हाई!" म्हणून ठणकावलं. तिच्या आजीने आमच्याकडे असं काही पाहिलं, की त्या दिवशी मागूनचा चहाही न घेता आम्ही गाडी गाठली. मॅडम मात्र गाडीत बसल्यावर गालातल्या गालात हसत होत्या.

दिसायला म्हणाल तर उंच, काटकुळ्या, सुती कुर्ता आणि पायात पुरुषी चपला. उन्हात डोक्याला शेतकऱ्यासारखा टॉवेल गुंडाळायच्या. चष्मा कायम कपाळावर, आणि तो कुठे गेला म्हणून अख्खी गाडी धुंडाळायची. वस्तीवर शिरताना आधी कुत्र्याशी बोलायच्या, माणसांशी नंतर. त्यांच्या बॅगेत त्यासाठी ग्लुकोजची बिस्किटं असत आणि आमच्यापैकी कोणी भुकेने त्यांना हात लावला, तर त्या खरोखर रागवायच्या. आणखी एक खोड म्हणजे, भीती वाटली की त्या गुणगुणायच्या. गाणं कुठलं ते देवाला ठाऊक. सूर तर नव्हताच. ड्रायव्हरकाका घाटात ओव्हरटेक करायला लागले की मागून ती गुणगुण सुरू व्हायची, आणि काका मुकाट्याने वेग कमी करायचे.

माझी मुलाखतही त्यांनी जगावेगळीच घेतली होती. एमएसडब्ल्यूचे गुण, अनुभव, कशाचंच नाव नाही. मुलांना विचारायची प्रश्नावली त्यांनी सरळ मलाच विचारायला घेतली. "जीव नकोसा होतो का कधी?" या प्रश्नाशी आल्यावर मी भडकले. म्हटलं, "हे काय विचारणं झालं? मी नोकरीसाठी आलेय, मॅडम."

"राग आला ना? लक्षात ठेवा. त्यांनाही येईल." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "उत्तर द्यायचं राहिलं तुमचं."

मी नाही म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि ते बघणं इतकं लांबलं की मला उगाचच रडू यायला लागलं. मग त्यांनी मला पाणी दिलं आणि सोमवारपासून या म्हणून सांगितलं.

आम्हा सगळ्यांनाच त्या प्रश्नाची धास्ती असायची. चांगल्या हसत्याखेळत्या पोराला असलं विचारायचं म्हणजे नसतं त्याच्या डोक्यात भरवून द्यायचं, असं आम्हाला वाटायचं, आणि आयांना तर वाटायचंच. मॅडम म्हणायच्या, "आपण विचारल्याने ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही. असलं तर ते आधीच असतं. पण विचारून, ऐकून घेऊन आपण निघून गेलो, तर आपल्यासारखे नालायक आपणच." हे वाक्य त्या इतक्या वेळा बोलायच्या, की ड्रायव्हरकाकांनाही पाठ झालं होतं.

एका गावात सरपंचाने आम्हाला मदत म्हणून गावातली सगळी तरुण पोरं शाळेत गोळा करून ठेवली होती. सतरंजीवर रांगा, पुढे आमच्यासाठी खुर्च्या, टेबलावर नारळसुद्धा. सरपंच भाषणात म्हणाले, "पोरांनो, ह्या मॅडम तुमच्या भल्यासाठी आल्यात. सगळ्यांनी भाग घ्यायचा. काय?" पोरं एका सुरात ओरडली, "हो!" माझ्या डोळ्यांपुढे आठवड्याचं काम एका दिवसात उरकलेलं दिसायला लागलं. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "आभारी आहे. आता सगळ्यांनी घरी जा." सरपंचाचं तोंड पडलं. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्याच पोरांच्या घरोघर, डोंगराच्या कडेने, उन्हातान्हात हिंडत होतो, आणि पुण्याहून रोज फोन येत होते की नगरचं काम एवढं मागे का. मी त्या दिवसांत मॅडमना मनातल्या मनात काय काय बोलले असेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण लिहायला बसले ते राहुरीकडच्या एका वस्तीसाठी.

कांदा लागवडीचे दिवस होते. पाटाला पाणी सुटलेलं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. गावाच्या फाट्यावर एक मोठी लोखंडी चौकट आहे, तसली आता प्रत्येक फाट्यावर असते. गावात जे काही घडतं ते तिथे फ्लेक्सवर चढतं. वाढदिवस, निवड, बारसं, आणि कोणी गेलं तर भावपूर्ण श्रद्धांजलीही तिथेच. त्या दिवशी तिथे एक ओळखीचा चेहरा दिसला. काही महिन्यांपूर्वी आम्ही ज्याच्याशी बोललो होतो तो मुलगा, पोलिसाच्या गणवेशात. गणवेश फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर चढवलेला होता, ते मानेपाशी कळत होतं. 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली मित्रांच्या बारीक बारीक चेहऱ्यांची रांग. पहिल्या खेपेला हा मुलगा पहाटे पळून आल्यावर घाम पुसत पुसत आमच्याशी बोलला होता. भरती सोडून त्याच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं. मला खरंच आनंद झाला. आज त्याच्याकडेच दुसऱ्यांदा जायचं होतं.

वडील ओट्यावरूनच ओरडले, "या, या! मागल्या बारीला आलात तवा नुसता पळत हुता. आता साहेब झालाय आमचा." आतून तळणाचा वास येत होता. मॅडमनी चहा नेहमीप्रमाणे मागे ढकलला. मुलगा येऊन समोर बसला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, आणि नजर आमच्या दोघींच्या मधोमध, भिंतीवर कुठेतरी.

"भाग घेणार का, ते विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "आधी नाही म्हणून दाखवा."

"नाही."

इतकं स्पष्ट 'नाही' आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यात हसू नव्हतं, लाज नव्हती.

"छान. आता खरं सांगा."

"नाही. मला काही सांगायचं न्हाई."

"हे खरंच?"

"खरंच."

वडील उसळले. "आरं बस की! मॅडम एवढ्या लांबून आल्यात. तुझं काय जातंय?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "लाजतोय त्यो. तुमी इचारा, देईल उत्तरं. मी हाय ना हितं."

मला तर दिसत होतं, की काहीतरी भयंकर बिनसलंय. ज्याच्या नावाचा फ्लेक्स लागलाय ते पोरगं असं बसत नाही. मी मॅडमना कोपराने ढोसलं. वडील सांगतायत, मुलगा बसलाय, विचारा ना त्याला! मॅडमनी कागद बॅगेत घातले आणि चेन ओढली. "त्यांनी नको म्हटलंय. आमचं काम झालं."

मी संतापले. एरवी ठीक आहे, पण अशा वेळी कसला नियम घेऊन बसायचं? मी उठायला लागले, तर मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्या आत वळून म्हणाल्या, "वहिनी, चहा टाका. आता घेते मी."

 चहा आला. मॅडमनी बशीत ओतून, फुंकर मारून, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. वडिलांचा राग विरघळला. मग कप खाली ठेवून त्या मुलाला म्हणाल्या, "चल रे, मला पाटापर्यंत जरा चालायचंय. बरोबर ये." अहो-जाहो गेलं होतं. मुलाने वडिलांकडे पाहिलं. "जा की, पाव्हण्यांना पाट दाखव," वडील म्हणाले. आणि तो उठला. न उठून करतो काय? ज्या चहाने पोराच्या तोंडचं 'नाही' मरतं म्हणून या बाईने अख्ख्या जिल्ह्याचा रोष ओढवून घेतला, तोच चहा तिने त्या दिवशी मुद्दाम, समजून उमजून घेतला. हे मला तेव्हाच कळलं. असं करण्याइतकी भीती त्यांना कशाची वाटली होती, तेही त्याबरोबर कळलं.

ते दोघं बांधावरून गेले. मी ओट्यावर आईवडिलांपाशी राहिले. वडील सांगत होते, सोमवारी ट्रेनिंगला निघायचंय, नवी बॅग आणलीय, अख्खं गाव फाट्यावर सोडायला येणार. त्या दिवशी शुक्रवार होता. आई शंकरपाळ्यांचा डबा भरत म्हणाली, "खातच न्हाई वं काई. जायचं म्हनून आसंल." मग तिने सहज सांगितलं, "पळायचे बूट देऊन टाकले शेजारच्याला. मोबाईल बी भावाला दिला."

"सरकार नवं देतंय सगळं," वडील हसून म्हणाले.

 आपल्या आवडीच्या वस्तू माणूस वाटून टाकायला लागला की सावध व्हायचं, हे मॅडमनी आम्हाला घोकून घेतलेलं होतं. लांब पाटाच्या भरावावर दोन माणसं उभी दिसत होती. मग ती बसली. मग नुसतीच बसून राहिली. मी वडिलांना कांद्याच्या रोपाचं विचारत होते आणि ते काय सांगत होते त्यातलं अक्षर माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पुण्याहून फोन वाजला; मी तो कापला.

तिथे काय बोलणं झालं ते मॅडमनी मला परतताना सांगितलं. त्यांनी आडवळण घेतलंच नव्हतं. विचारलं, "जीव द्यायचं डोक्यात आहे का?" पाण्याकडे बघत त्याने सांगितलं. ग्राउंड, म्हणजे पळण्याची परीक्षा, पास झाली होती, लेखीही पास झाली होती, मित्रांनी त्याच संध्याकाळी फ्लेक्स लावला. मागून मेडिकल झालं, त्यात त्याला काढलं. काही रंग त्याला वेगळे ओळखूच येत नाहीत. जन्मापासूनच तसं, आणि त्याला स्वतःलाही ते तिथे पहिल्यांदा कळलं. घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं. "पळण्यात कमी पडलो असतो तर आजून पळालो असतो, मॅडम. रंग कसे शिकायचे?" सोमवारी घरातून निघायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. पुढे कुठे पोचायचं नव्हतं.

मग म्हणाला, "कुनाला सांगनार न्हाई, शपथ घ्या."

"शपथ घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे मी पोटात ठेवणार नाही. इथून जायच्या आधी तुझ्या घरातल्या एका माणसाला सांगणार. कोणाला सांगायचं, ते तू ठरव."

तो चवताळून उठला. "मी तुमच्या त्या अभ्यासात न्हाईच. तोंडानं न्हाई म्हनलोय. तुमाला काय अधिकार?"

"काहीच नाही. मी आता अभ्यासाची बाई नाही. तुझ्या घरचा चहा प्यालेली बाई आहे."

"फसवलंत मला."

"हो," मॅडम म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या. तो गेला नाही. उन्हं कलली, पाखरं परतायला लागली, तरी दोघं तिथेच. शेवटी तो म्हणाला, "आईला सांगा. पन बापाम्होरं नको."

मॅडम परत आल्या आणि आईला गोठ्याकडे घेऊन गेल्या. मुलगा ओट्याच्या कडेला बसला. मी वडिलांना पुन्हा रोपाचं विचारलं. गोठ्यातून आता हंबरडा येणार म्हणून माझे कान तिकडे लागले होते, पण काहीच आवाज येईना, आणि ते जास्त भीतीदायक होतं. मग आई बाहेर आली. हात पिठाचेच. सरळ पोरापाशी जाऊन म्हणाली, "म्हंजी सोमवारी जायचं न्हाई ना?"

"न्हाई."

"लई बरं झालं."

आत जाऊन तिने डबा आणला आणि त्याच्यापुढे आदळला. "मंग हे कुनासाठी केलं? खा आता." आणि त्याला चिकटून बसली. बाजाराच्या गर्दीत पोराला धरतात तसा त्याच्या शर्टाचा कोपरा तिने मुठीत घट्ट धरला होता, तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. वडिलांना तिनेच सांगितलं. ते बॅटरी उचलून रानात निघून गेले आणि त्यांच्या पाठीवरून मला काही म्हणजे काही कळलं नाही. मॅडमनी संध्याकाळी घरी आलेल्या त्याच्या थोरल्या भावाला बसवून समजावलं. याला एकटं सोडायचं नाही, रात्री कोणीतरी जवळ झोपायचं, उद्याच नगरला डॉक्टरकडे न्यायचं. डॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन लावला.

शनिवारी भावाचा फोन आला, की नेऊन आणलं, गोळ्या सुरू केल्या. मॅडमनी स्वतःच झालेलं कळवलं होतं, त्यावर त्याच दिवशी पुण्याहूनही फोन आला. ज्याने भाग घ्यायला नकार दिला, त्याची खासगी बाब त्याच्या मनाविरुद्ध घरात सांगितली कशी? त्यांचंही अगदीच चुकलं असं मला आज म्हणवत नाही. मॅडमही तसं म्हणाल्या नाहीत. "जे झालं ते लिहून देते," एवढंच बोलल्या. पुढे त्यांचं कंत्राट वाढवलं नाही आणि त्या नगर सोडून गेल्या, ते याच प्रकरणावरून. पण ते पुढचं. त्या शनिवारी त्यांना फक्त तोंडी सांगण्यात आलं, की त्या वस्तीवर आता पाऊल टाकायचं नाही.

रविवारी भावाचा फोन कोणी उचलेना. मॅडमनी सकाळी लावला, दुपारी लावला. मग मला फोन केला. मी लावला. घंटी नुसती वाजत राहिली.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. मला म्हणाल्या, "ऑफिसची गाडी घ्यायची नाही. येतेस?" माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. मनमाड रोडचे खड्डे, उसाच्या ट्रॉल्या, धुरळा, आणि माझ्या कानाशी ती बेसूर गुणगुण. मला ओरडून गप्प करावंसं वाटत होतं, पण ती थांबली असती तर मी गाडी चालवू शकले नसते.

फाटा आला. चौकटीवरचा फ्लेक्स बदललेला होता. लांबून त्याचा पांढरा रंग दिसत होता, मधे एक चेहरा, भोवती फुलं. मॅडमचा चष्मा कपाळावर होता, पण तो खाली ओढायचा हात माझ्या खांद्यात रुतला होता. "वाच," त्या म्हणाल्या. "कोणाचा आहे, वाच!"

मला अक्षरं दिसत होती आणि लागत नव्हती. मग लागली. कुठल्यातरी दादांचा वाढदिवस होता. मी तसं सांगितलं. 

वस्तीच्या वळणावर आलो, तर घरापुढे मोटारसायकली उभ्या, एक टेम्पो, आणि बांधावर माणसं. एवढी माणसं एका घरी सकाळच्या वेळी कशाला जमतात, हे काय मला सांगायला हवं? मी स्कूटी थांबवली. पुढे नेववेना. मॅडम उतरल्या आणि चालायला लागल्या, मग जवळजवळ पळायला लागल्या. मी मागून गेले.

कांद्याची लागवड चालली होती. बायका वाफ्यांत ओळीने ओणव्या बसल्या होत्या. टेम्पो मजुरांचा होता. एका टोकाला वडील पाणी वळवत होते, इकडे पाठ करून. आणि मधे, गुडघाभर चिखलात, दोन्ही हातांत रोपांच्या जुड्या घेऊन तो उभा होता.

त्याने आम्हाला पाहिलं आणि तरातरा बांधावर आला.

"परत कशाला आलात? भागलं न्हाई का तुमचं? माझं वाटोळं केलं. आख्ख्या गावात बोभाटा झाला. बाप माझ्याशी बोलत न्हाई. पोरं हसत्यात. न्हाई म्हनलो हुतो ना मी तुमाला? चहा पिऊन फसवलं! तुमचं तोंड बघायचं न्हाई मला, कळलं का? पुन्यांदा ह्या रानात पाय ठेवला तर बघा!"

आई वाफ्यातून धावत आली. "आवो, त्याचं मनावर घेऊ नका. काल समदे देवाला गेल्तो, फोन घरीच राहिला. तुमी बसा..." मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. "बोलू द्या त्याला." तो बोलला. अगदी पोटभर बोलला, शिव्या तेवढ्या द्यायच्या राहिल्या. मागून एक बाई ओरडली, "आरं, रोप संपलं हिकडं, आन की लवकर!" तसा तो वळला आणि जुड्या घेऊन धप्धप् पाय आपटत वाफ्यात गेला.

मॅडम बांधावर मटकन बसल्या. मला त्यांच्या वतीने भयंकर राग आला होता. म्हटलं, "एवढं केलं तुम्ही त्याच्यासाठी, नोकरी पणाला लावलीत, आणि हा तोंड वर करून..."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. लहान मुलाला काही अपूर्वाईचं दाखवावं तसं त्यांनी मला वाफ्याकडे वळवलं.

"अगं, रागावलाय तो," त्या म्हणाल्या. "बघ ना, किती रागावलाय!"